डेटाबेस फुकट, ड्रायव्हरचं काय?

ॲटलासियन कंपनीचं कॉन्फ्लुअन्स हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवणारा माणूस एका ठिकाणी हमखास थबकतो. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस निवडला तर पुढचं सगळं सुरळीत होतं. मायएसक्यूएल निवडला तर मात्र मार्गदर्शिका सांगते की ड्रायव्हर तुमचा तुम्ही डाउनलोड करा आणि अमुक फोल्डरमध्ये ठेवा. लायसन्सच्या मर्यादेमुळे आम्हाला तो सोबत देता येत नाही. ओरॅकलच्या ड्रायव्हरबद्दलही तेच. ओरॅकलचं समजू शकतं, तो विकत घ्यायचा डेटाबेस. पण मायएसक्यूएल तर ओपन सोर्स. त्याचा कोड कुणीही पाहावा, बदलावा, वाटावा. मग ड्रायव्हरची एक लहानशी जार फाइल सोबत द्यायला एवढ्या मोठ्या कंपनीला अडचण का यावी?

या प्रश्नाच्या पोटात ओपन सोर्सच्या व्यवहारातली एक जुनी गाठ आहे. डेटाबेसकडे बघत राहिलं तर ती दिसत नाही, कारण ती ड्रायव्हरमध्ये आहे.

डेटाबेसचा सर्व्हर हा स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम असतो, पुष्कळदा वेगळ्याच मशीनवर. आपला प्रोग्राम, समजा एखाद्या पतसंस्थेचे हिशेब ठेवणारा, त्याच्याशी नेटवर्कवरून बोलतो. आधी ओळख द्यायची, पासवर्ड पटवायचा, मग क्वेरीचे बाइट ठरलेल्या क्रमाने पाठवायचे, उत्तरात आलेल्या तारखा आणि रकमा उलगडायच्या. हे सगळं जाणणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो दोघांमधला दुभाष्याच, पण मुक्कामाला मात्र आपल्या घरात. सी भाषेतल्या प्रोग्रामला त्याची लायब्ररी लिंक होते, जावात जार फाइल लोड होते, डॉटनेटमध्ये डीएलएल. सर्व्हर ग्राहकाने कुठूनही आणून कुठेही बसवला तरी ड्रायव्हर आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत चालतो आणि आपल्याच इन्स्टॉलरमधून ग्राहकाकडे जातो. म्हणून सॉफ्टवेअर विकणाऱ्याला डेटाबेसच्या लायसन्सपेक्षा ड्रायव्हरचं लायसन्स जास्त जवळून चिकटतं. आमच्याकडचे बरेच डेव्हलपर नेमकं तेच वाचत नाहीत.

ओपन सोर्स लायसन्स कॉपीराइटच्या पायावर उभं असतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती मानली आहे. तिच्या प्रती काढण्याचा, त्या वाटण्याचा हक्क मालकाचा. मालक लायसन्समधून तो हक्क काही अटींवर इतरांना देतो. बीएसडी, एमआयटी, अपाची यांसारख्या लायसन्सच्या अटी हलक्या आहेत: आमची कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, बाकी बंद सोर्स प्रॉडक्टमध्ये घालून विकलंत तरी चालेल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणलेल्या आणि १९९१ मध्ये दुसरी आवृत्ती निघालेल्या जीपीएलची अट वेगळी. जीपीएलच्या कोडवर बेतलेलं काम तुम्ही वाटलंत, तर ते संपूर्ण काम जीपीएलखालीच वाटायचं आणि घेणाऱ्याला सोर्स कोड द्यायचा. १९९१ मध्येच लायब्ररींसाठी एलजीपीएल हा सौम्य प्रकार आला. त्यात लायब्ररीतले बदल खुले ठेवावे लागतात, पण तिला वापरणारा प्रोग्राम बंद राहू शकतो. अट एवढीच की ग्राहकाला ती लायब्ररी काढून तिची दुसरी आवृत्ती बसवता आली पाहिजे आणि त्यासाठी लागणाऱ्या तपासणीला तुमच्या करारात बंदी नसावी.

जीपीएल आणि एलजीपीएल यांच्यातल्या या एका अक्षराच्या फरकावरच मायएसक्यूएलची पुढची कथा फिरते.

स्वीडनमध्ये १९९५ मध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन यांनी मायएसक्यूएल एबी ही कंपनी उभी केली. २००० मध्ये त्यांनी सर्व्हर जीपीएलखाली खुला केला. ड्रायव्हरचा पाया असलेली क्लायंट लायब्ररी त्या वेळी एलजीपीएलखाली होती. जावासाठी मार्क मॅथ्यूज यांनी लिहिलेला ड्रायव्हरही तसाच. म्हणजे सर्व्हर ग्राहकाने आणायचा, आपला बंद सोर्स प्रोग्राम लायब्ररीला लिंक करायचा आणि निर्धास्तपणे विकायचा. इंटरनेटच्या पहिल्या बहरात मायएसक्यूएल घरोघर पोचला, त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा होता.

मग ४.० ही आवृत्ती आली, आणि तिच्यात क्लायंट लायब्ररीही जीपीएलखाली गेली. पुढे जावासाठीचा ड्रायव्हर कनेक्टर/जे आणि ओडीबीसीचा कनेक्टरही त्याच वाटेने गेले. कंपनीचा हिशेब उघड होता. या कोडची मालकी तिच्याकडे होती आणि मालकाला एकच कोड दोन लायसन्सखाली देता येतो. तुमचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं असेल तर ड्रायव्हर फुकट घ्या. बंद ठेवून वाटायचं असेल तर आमच्याकडून व्यापारी लायसन्स विकत घ्या. याला दुहेरी लायसन्सिंग म्हणतात. या व्यवस्थेत गैर काही नाही असं माझं मत आहे. ज्यांनी कोड लिहिला त्यांनी त्याच्यावर पोट भरावं. गैर होतं ते सीमेबद्दलचं मौन. ड्रायव्हर वापरणारा प्रोग्राम त्या ड्रायव्हरवर बेतलेला असतो का, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तेव्हाही कुणाकडे नव्हतं.

जीपीएलचा मजकूर लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणते की लायब्ररी प्रोग्रामला लिंक होऊन एकाच मेमरीत चालत असेल, तर लिंक स्टॅटिक असो वा डायनॅमिक, दोघं मिळून एक काम होतं. नेटवर्कच्या सॉकेटवरून बोलणारे दोन प्रोग्राम मात्र सहसा वेगळे मानावेत, असंही तीच संस्था सांगते. दुसरीकडे लॉरेन्स रोझेन यांच्यासारखे ओपन सोर्सचेच जाणकार वकील म्हणतात की नुसतं लिंक केल्याने एक कृती दुसरीवर बेतलेली ठरत नाही; तिच्यातली अभिव्यक्ती उचलली आहे का, ते पाहावं लागतं. जावामध्ये गुंता आणखी वाढतो. जेडीबीसी १९९७ पासून जावाचा भाग आहे. प्रोग्राम जेडीबीसीच्या प्रमाण इंटरफेसवर लिहिलेला असतो. त्यात मायएसक्यूएलचं नावही नसेल. कोणता ड्रायव्हर लोड करायचा हे सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीवर ठरतं. आज मायएसक्यूएल, उद्या पोस्टग्रेस. असा प्रोग्राम एका विशिष्ट ड्रायव्हरवर बेतलेला आहे असं म्हणणं मला तरी ओढूनताणून वाटतं. पण तोच ड्रायव्हर त्याच इन्स्टॉलरमध्ये बांधून, त्याच्याशिवाय चालणारच नाही असं प्रॉडक्ट विकलं, तर युक्तिवाद कमकुवत होतो. ड्रायव्हर ग्राहकानेच आणायचा, ही ॲटलासियनची पद्धत इथून समजते. जी वस्तू आपण वाटतच नाही, तिच्या वाटपाच्या अटी आपल्याला कशा लागतील?

न्यायालयासमोर हा प्रश्न एकदा अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता. अमेरिकेतल्या प्रोग्रेस सॉफ्टवेअर कंपनीच्या न्यूस्फिअर या शाखेने मायएसक्यूएलमध्ये जेमिनी नावाचं स्वतःचं स्टोरेज इंजिन स्टॅटिक लिंक करून विकलं, आणि सुरुवातीला त्याचा सोर्स दिला नाही. वाद मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात गेला. २००२ मध्ये न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी ट्रेडमार्कबद्दल मनाई हुकूम दिला. जीपीएलच्या मुद्द्यावर मात्र दिला नाही. जेमिनीचा सोर्स तोवर खुला झाला होता आणि ते इंजिन स्वतंत्र काम आहे की बेतलेलं, यावर दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं काही आहे, असं त्यांना दिसलं. नंतर पक्षांनी तडजोड केली आणि लिंकिंगचा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर नसलेला प्रश्न विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. खटल्याचा खर्च लायसन्सच्या किमतीहून कितीतरी जास्त, म्हणून सावध ग्राहक पैसे भरून मोकळा होतो. मायएसक्यूएल एबीला त्यातून उत्पन्न मिळालं. पण तिचा हा निर्णय सर्वांत आधी बोचला तो व्यापाऱ्यांना नव्हे, तिच्या सर्वांत जवळच्या सोबत्याला, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेला.

पीएचपी आणि मायएसक्यूएल ही त्या काळची जोडगोळी. पीएचपी ४ सोबत मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी बांधलेलीच येई. पीएचपीचं त्या वेळचं स्वतःचं लायसन्स खुलं होतं, पण जीपीएलशी जुळणारं नव्हतं. त्यात नावाच्या वापराबद्दल जीपीएलला मान्य नसलेल्या अटी होत्या. लायब्ररी एलजीपीएलखाली होती तोवर काही अडलं नाही. ती जीपीएलखाली जाताच पीएचपी तिची नवी आवृत्ती सोबत वाटू शकेना. दोन्ही बाजू ओपन सोर्सच्या, तरी एकमेकींना बांधता येईनात. जुलै २००४ मध्ये आलेल्या पीएचपी ५ मधून ती लायब्ररी वगळली गेली, मायएसक्यूएलचा आधार आपोआप सुरू होईनासा झाला आणि एसक्यूलाइट हे डेटाबेस इंजिन सोबत आलं. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांनी ते सार्वजनिक मालकीत सोडून दिलेलं आहे, त्यामुळे त्याला कोणतीच अट नाही.

मायएसक्यूएल एबीला चूक उमगायला वेळ लागला नाही. २००४ मध्येच तिने एक अपवाद जाहीर केला: यादीत दिलेल्या ओपन सोर्स लायसन्सखालच्या प्रोग्रामांना क्लायंट लायब्ररी जोडता येईल आणि त्यांनी जीपीएल स्वीकारायची गरज नाही. पीएचपीचं लायसन्स त्या यादीत होतं. तात्पुरती मलमपट्टी झाली. कायमचा उपाय पुढे निघाला, आणि या सबंध इतिहासातली ती माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मायएसक्यूएलच्याच अभियंत्यांनी पीएचपीसाठी ड्रायव्हर मुळापासून नव्याने लिहिला. मायएसक्यूएलएनडी हे त्याचं नाव, आणि लायसन्स पीएचपीचंच. २००९ मध्ये पीएचपी ५.३ मध्ये तो आला आणि २०१२ च्या ५.४ मध्ये मूळ निवड झाला. जुन्या क्लायंट लायब्ररीची गरजच उरली नाही. आपल्या ड्रायव्हरचं लायसन्स वापरणाऱ्यांना दूर लोटत आहे, याची याहून स्पष्ट कबुली कंपनी देऊ शकली नसती.

दरम्यान मालक बदलत होते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये सुमारे १ अब्ज डॉलर मोजून मायएसक्यूएल घेतला आणि जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. विडेनियस यांनी २००९ मध्ये मायएसक्यूएलच्या कोडवरून मारियाडीबी ही शाखा काढली. सर्व्हरच्या बाबतीत त्यांचे हात बांधलेले होते. कोड जीपीएलचा आणि मालकी दुसऱ्याची, म्हणून मारियाडीबीचा सर्व्हरही जीपीएलच. पण ड्रायव्हर वेगळे ठेवता आले. सी आणि जावासाठीचे मारियाडीबीचे कनेक्टर एलजीपीएलखाली आहेत. दोन्ही डेटाबेसांचा प्रोटोकॉल बराचसा एकच, त्यामुळे बंद सोर्स प्रॉडक्टवाले पुष्कळ ठिकाणी मायएसक्यूएलच्या सर्व्हरशीही याच कनेक्टरने बोलतात. डॉटनेटमध्ये ओरॅकलच्या कनेक्टरला पर्याय म्हणून मायएसक्यूएलकनेक्टर नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर एमआयटी लायसन्सखाली मिळतो. ओरॅकलनेही पुढे अपवादाची व्याप्ती वाढवली, पण ती ओपन सोर्स प्रोग्रामांसाठी. बंद सोर्सवाल्याला तिचा उपयोग नाही.

प्रोटोकॉल पाहून दुसऱ्याने ड्रायव्हर नव्याने लिहिणं कायद्यात बसतं का, ही शंका इथे रास्त आहे. कॉपीराइट अभिव्यक्तीला असतो, कार्यपद्धतीला नसतो. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या खटल्यात सांगितलं की प्रोग्राम करतो ती कामं, त्याची भाषा आणि डेटा फाइलचा साचा यांना त्या प्रोग्रामच्या कॉपीराइटचं संरक्षण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावाचे इंटरफेस गूगलने वापरणं हा न्याय्य वापर ठरवला. इंटरफेसला मुळात कॉपीराइट असतो का, हे मात्र ठरवायचं टाळलं. भारतीय कायद्याच्या ५२ व्या कलमातही एक सवलत आहे. प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामशी तो जोडण्यासाठी आवश्यक आणि सहज न मिळणारी माहिती काढून घेता येते. तेव्हा कोड न उचलता, प्रोटोकॉलवरून लिहिलेला ड्रायव्हर मजबूत जमिनीवर उभा असतो.

मायएसक्यूएलच्या अनुभवातून पुढच्यांनी धडा घेतला, असं त्यांच्या निवडीवरून दिसतं. मोंगोडीबीचा सर्व्हर आधी एजीपीएल या आणखी कडक लायसन्सखाली होता. तिथे नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही आपले बदल खुले करावे लागतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने त्याहून कडक एसएसपीएल आणलं. ते ओपन सोर्स आहे असं ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था मानत नाही. एवढी कडक कंपनी, पण तिचे ड्रायव्हर पहिल्यापासून अपाची लायसन्सखाली आहेत. निओफोरजे या डेटाबेसच्या सामुदायिक आवृत्तीचा सर्व्हर जीपीएलचा, ड्रायव्हर अपाचीचे. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर बंदच ठेवला, पण त्याचा जेडीबीसी ड्रायव्हर एमआयटी लायसन्सखाली खुला केला. दार मोकळं ठेवायचं आणि मोल आतल्या वस्तूचं घ्यायचं, हे शहाणपण आता सगळीकडे रुजलं आहे. पोस्टग्रेसला ते कधी शिकावंच लागलं नाही, कारण सर्व्हर आणि त्याची लिबपीक्यू ही लायब्ररी दोन्ही बीएसडीसारख्या एकाच सैल लायसन्सखाली आहेत. तरी पोस्टग्रेसच्या अवतीभवतीचं सगळंच तसं नाही. त्याचा अधिकृत ओडीबीसी ड्रायव्हर आणि पायथनवाल्यांच्या रोजच्या वापरातला सायकोपीजी हे दोन्ही एलजीपीएलखाली येतात. डेटाबेसच्या नावावरून ड्रायव्हरचं लायसन्स गृहीत धरू नये.

आता आपल्याकडे. पुणे-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत लायसन्स तपासणारा विभाग असतो. मला काळजी वाटते ती नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, पणजीत बसून हाउसिंग सोसायटी, दवाखाना, शाळा, पतसंस्था यांच्यासाठी प्रॉडक्ट बनवणाऱ्या पाच-दहा जणांच्या कंपन्यांची. त्यांच्यात दोन उलटसुलट समजुती घट्ट आहेत. एक, ओपन सोर्स म्हणजे फुकट, म्हणजे काहीही करा. दुसरी, जीपीएलला हात लावला की आपला सगळा कोड आपोआप जगजाहीर होतो. दोन्ही खऱ्या नाहीत.

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नुसत्या वापराला कसलीच अट नाही. अटी प्रत काढणं, बदलणं आणि वाटणं यांना आहेत. आपल्याच ऑफिसात आपणच लिहिलेल्या प्रोग्रामला कनेक्टर/जे जोडा, कुणाला काही द्यावं लागत नाही. सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर ठेवून ग्राहकाला फक्त ब्राउझरमधून सेवा दिली, तरी प्रत ग्राहकाकडे जात नाही, म्हणून वाटप होत नाही. एजीपीएलचं मात्र असं नाही. ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलर चालवला की वाटप झालं. एकाच ग्राहकासाठी ऑर्डरप्रमाणे सॉफ्टवेअर बनवून दिलं तरी तेच. फक्त तिथे सोर्स द्यायचा तो त्या ग्राहकाला, आणि तशा कामात तो पुष्कळदा करारानेच दिलेला असतो. अट मोडली तर लायसन्सने दिलेली परवानगी आपोआप संपते आणि तुम्ही कॉपीराइटचा भंग करणारे ठरता. मग वाटप थांबवणं, नुकसानभरपाई हे प्रश्न येतात. तुमचा कोड तुमच्या संमतीशिवाय खुला होत नाही. पण तुमचं प्रॉडक्ट थांबू शकतं, आणि लहान कंपनीला तेवढं पुरेसं आहे.

ही वेळ बहुधा मालकाच्या नोटिशीने येत नाही. कंपनी विकायला निघते, गुंतवणूकदार येतो किंवा मोठा ग्राहक पुरवठादाराची छाननी करतो, तेव्हा कोड स्कॅन होतो आणि सात वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेली जार फाइल यादीत वर येते. प्रॉडक्टमध्ये कोणकोणते घटक आहेत याची यादी मागण्याचा प्रघात वाढतो आहे; सर्ट-इन या आपल्या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही २०२४ मध्ये अशा यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या वेळी ड्रायव्हर बदलायचा म्हणजे प्रत्येक ग्राहकाकडे नवा इन्स्टॉलर, पुन्हा चाचण्या, आणि तारखांचे, मराठी अक्षरांच्या एन्कोडिंगचे बारीक फरक निस्तरणं. सुरुवातीलाच ड्रायव्हर निवडताना हे काम अर्ध्या तासाचं असतं.

म्हणून प्रॉडक्ट बनवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आज आपला इन्स्टॉलर उघडा, त्यातल्या प्रत्येक जार आणि डीएलएल फाइलचं लायसन्स वाचा आणि नाव, आवृत्ती, लायसन्स अशी एक यादी कोडसोबतच ठेवा. मायएसक्यूएल वापरत असाल तर ओरॅकलचा कनेक्टर आहे की मारियाडीबीचा, ते पाहा. कनेक्टर जीपीएलचा असेल तर तीन मार्ग सरळ आहेत: ड्रायव्हर बदला, व्यापारी लायसन्स घ्या किंवा प्रॉडक्ट खुलं करा. ड्रायव्हर ग्राहकाकडून बसवून घेण्याचा चौथा मार्ग मोठ्या कंपन्या वापरतात, पण तो पत्करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि नवं प्रॉडक्ट सुरू करत असाल तर डेटाबेस ठरवायच्या बैठकीतच ड्रायव्हरचं लायसन्सही ठरवून टाका.